उचल अंगावर राहिली म्हणून माणूस अडवून ठेवता येत नाही

तुमच्या गावातली दोन जोडपी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन ऊसतोडीला गेली होती. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तरी मुकादम (मजूर नेणारा ठेकेदार) त्यांना कोपीवरून, म्हणजे तिथल्या झोपडीवरून, हलू देत नाही, 'उचल फिटेपर्यंत दुसऱ्याच्या शेतात राबा' म्हणतो. पोलिसांनी 'हा पैशाचा व्यवहार आहे, आपसांत मिटवा' म्हणून तुम्हाला परत पाठवलं. अशा प्रकरणांत मी बरीच वर्षं काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

हा नुसता पैशाचा व्यवहार नाही. १९७६चा वेठबिगार निर्मूलन कायदा वाचा. उचलीच्या बदल्यात माणसाला हवं तिथे काम करण्याचा किंवा मोकळेपणाने फिरण्याचा हक्क गमवावा लागत असेल, तर ती वेठबिगारी. अशा कर्जाची फेड कायद्यानेच संपते आणि संपलेल्या कर्जापोटी पैसे घेणं हाही गुन्हा आहे. कर्ज त्या प्रकारचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १५ प्रमाणे पैसे देणाऱ्यावर असते, मजुरावर नाही. म्हणून घरच्यांना सांगा, सोडवून आणायला बायकांचे दागिने गहाण टाकू नका.

अर्ज कुणाकडे करायचा, इथे बहुतेकांची गल्लत होते. आपल्या नाही, तर जिथे त्यांना अडवलंय त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. प्रत प्रांताधिकाऱ्यांना आणि तिथल्या पोलीस अधीक्षकांना. प्रत्येकाचं नाव, वय, सोबतची मुलं, कोपी कुठल्या गावच्या शिवारात आहे, कारखाना, मुकादम, उचल किती, किती टन तोडला, हे सगळं लिहा. फोन चालू असेल तर लोकेशन मागवून घ्या. अर्जात 'वेठबिगार' हा शब्द आणि 'मुक्ती प्रमाणपत्र द्यावे' ही मागणी हवीच. नुसतं घरी आणून सोडलं आणि प्रमाणपत्र नाही, तर पुनर्वसनाची मदत अडकते. त्यातली ३० हजारांपर्यंतची तातडीची मदत खटल्याच्या निकालावर अवलंबून नसते. जबाब मुकादमाच्या माणसांसमोर होऊ देऊ नका. मोफत वकिलासाठी १५१०० वर विधी सेवा प्राधिकरणाला फोन करा. स्त्रिया, मुलं आणि वेठबिगारीत अडकलेले यांना उत्पन्नाची अट नाही. मारहाण होत असेल तर कागदांची वाट न बघता ११२.

आता 'पैसे घेतलेच कशाला' याबद्दल, कारण गावात हे ऐकावं लागतंच. जानेवारी २०२४मध्ये तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये ठरला. एका कोयत्याने, म्हणजे नवराबायकोने मिळून, रोज दोन टन तोडला आणि हंगाम शंभर दिवस चालला, तर ७३,२०० रुपये होतात. उचल लाखाची असेल तर एकही खाडा न करता पावणेसत्तावीस हजार अंगावर राहतात. खाणं, दवाखाना वेगळाच. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून मिळतं त्यात बाजार भागवायचा. पाऊस कमी, ऊस कमी, की हंगाम लवकर आटोपतो आणि बाकी वाढते. यात कामचुकारपणा कुठे आहे? १९८२च्या आशियाड स्पर्धेच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणं हीसुद्धा राज्यघटनेच्या कलम २३ खाली सक्तीची मजुरी.

मुकादमाची बाजूही खोटी नसते. तोही कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून पैसे उचलतो, आणि दोघा-तिघांकडून उचल घेऊन पसार होणारे लोकही मी पाहिलेत. तशी फसवणूक झाली असेल तर त्याने कोर्टात जावं. माणसं डांबून वसुली करायचा अधिकार त्याला कुणी दिलेला नाही.

जोडप्यांतल्या बायकांशी बाईनेच वेगळं बोलावं, हे मी मुद्दाम सांगतो. खाड्याच्या धाकाने पाळीतही मोळ्या वाहणं आणि पुढे दुखण्यावर गर्भाशयच काढून टाकणं, हे बीडमध्ये २०१९ला राज्याच्या चौकशी समितीपुढे आलं. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी तेरा हजारांहून जास्त जणींची ही शस्त्रक्रिया झाली होती. पुरुष अधिकाऱ्यासमोर त्या यातलं काही बोलत नाहीत, आणि जे बोललं नाही ते जबाबात येत नाही.

अर्ज आजच ईमेलने पाठवा, उद्या प्रत्यक्ष देऊन पोच घ्या. मसुदा तयार झाला की मला खासगी निरोपातून पाठवा, लगेच वाचून देतो.