गुडघ्यातला 'गॅप' म्हणजे रिकामी जागा नव्हे

आईंच्या एक्स-रेत 'आतल्या बाजूचा गॅप कमी' असं आलंय, ओळखीचे सगळे 'वंगण संपलं' म्हणताहेत, म्हणून वंगण वाढवायचं औषध तुम्ही विचारलंय. फिल्मवर मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यात जी काळी फट दिसते, ती रिकामी नसते. तिथे कूर्चा असते. ती एक्स-रेत उमटत नाही, एवढंच.

मटणाच्या नळीचं टोक आठवा: निळसर पांढरा, ओला, बोट सर्रकन घसरेल असा थर. तीच कूर्चा. गुडघ्यात ती साधारण २ ते ४ मिमी जाड, वाटीच्या मागे त्याहूनही जाड. दोन्ही हाडांच्या टोकांवर एकेक थर आणि मध्ये कडेकडेने दोन चंद्रकोरी गाद्या, म्हणजे मेनिस्कस. हे झिजलं की हाडं जवळ येतात.

वंगण निरोगी गुडघ्यातही चमचाभर नसतं. ते सांध्याच्या आतल्या अस्तरातून तयार होतं. तूप खाऊन वाढत नाही. झिजलेल्या गुडघ्यात तर बऱ्याचदा पाणी वाढतं, फक्त पातळ होतं.

आतलीच बाजू का? चालताना जास्त भार तिथेच पडतो. शिवाय आतली गादी बाजूच्या अस्थिबंधाला, म्हणजे हाडांना जोडणाऱ्या पट्ट्याला, घट्ट चिकटलेली, त्यामुळे गुडघा मुरगळला की ती बाहेरच्या गादीसारखी सरकून वाचत नाही, चिमटते. झीज वाढली की पाय धनुष्यासारखा वाकतो आणि भार आणखी आतच येतो.

कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत. दाबलं-सोडलं की स्पंजासारखं ती वंगणातून पोषण ओढते, त्यामुळे पूर्ण आराम हा उपाय नव्हे. तिला वेदना कळवणारे मज्जातंतूही नाहीत. दुखतं ते खालचं हाड आणि अस्तर. म्हणून फिल्म वाईट आणि दुखणं कमी, किंवा उलटही असू शकतं.

आधी बघा, एक्स-रे उभं राहून काढलाय का. झोपून काढला तर भार नसतो आणि गॅप खोटाच मोठा दिसतो. जुन्या फिल्मशी तुलना करायची तर दोन्ही उभ्याच्या हव्यात. व्यायाम म्हणून खुर्चीत बसून गुडघा सरळ करायचा, ५ सेकंद धरायचा, १० वेळा, सकाळ-संध्याकाळ. वजन जास्त असेल तर उतरवलेला १ किलो दर पावलाला गुडघ्यावरचा सुमारे ४ किलो भार कमी करतो. उकिडवं बसणं टाळा, कमोड वापरा.

नुसता कटकट आवाज येत असेल, दुखत-सुजत नसेल तर सोडून द्या. पण गुडघा मध्येच अडकून सरळच होईना, तर फाटलेल्या गादीचा तुकडा आत आलेला असू शकतो; तेव्हा व्यायाम बंद करून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. गुडघा लाल, गरम आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी.