ढगाखालचं सोयाबीन सॅटेलाइटला दिसतं का?

प्रश्न : नमस्कार ताई, मी लातूर जिल्ह्यातला शेतकरी. दोन एकर सोयाबीन होतं, ऑगस्टअखेर आठ दिवस पाऊस लागून राहिला, रानात पाणी साचलं आणि निम्मं पीक गेलं. मोबाईलमधल्या एका ॲपवर मात्र त्याच आठवड्यात माझं शेत हिरवंगार, खाली लिहिलेलं ‘पीक उत्तम’. सॅटेलाइट म्हणे चोवीस तास जमिनीवर नजर ठेवून असतात, मग माझं नुकसान त्यांना कसं दिसलं नाही?

उत्तर : दादा, आधी एक सांगते, तुम्ही चिखलात उभं राहून जे बघितलं तेच खरं धरा, कारण त्या आठ दिवसांत ॲपने तुमचं शेत बहुतेक बघितलेलंच नाहीये.

चोवीस तास नजर असते ती इन्सॅटची, म्हणजे आपल्या भारताच्या हवामान बघणाऱ्या सॅटेलाइटची. टीव्हीवर बातम्यांत ढग सरकताना दाखवतात ना, ती त्याचीच चित्रं. तो ३६ हजार किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्याच गतीने फिरतो म्हणून आपल्या डोक्यावर थांबल्यासारखा असतो आणि दर अर्ध्या तासाला इमेज पाठवतो, पण त्याच्या इमेजमधला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचं जवळपास एक किलोमीटर, त्यात तुमचं अख्खं गाव दोन-चार ठिपक्यांत संपतं. शेत दिसतं ते कमी उंचीवरून फिरणाऱ्या सॅटेलाइटना. युरोपचे सेंटिनेल-२ साधारण ७८६ किलोमीटरवरून दर ५ दिवसांनी सकाळी साडेदहाच्या आसपास आपल्यावरून जातात, अमेरिकेचे लँडसॅट ८ आणि ९ मिळून दर ८ दिवसांनी. म्हणजे पोस्टमनच्या फेरीसारखं आहे हे, आणि त्या साडेदहाला वर ढग असला की ती फेरी वाया. खरिपात महिना महिना एक स्वच्छ इमेज मिळत नाही हो, आणि आपल्याला नेमकी तेव्हाच तिची गरज असते, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं. मग बरीच ॲप्स शेवटची स्वच्छ इमेज तशीच पुढे दाखवत राहतात, त्यामुळे तुम्ही त्या आठवड्यात बघितलेलं हिरवं शेत ऑगस्टच्या सुरुवातीचंही असू शकतं. म्हणून रंग बघायच्या आधी इमेजची तारीख बघा.

दुसरं कारण तण. निरोगी पान लाल उजेड शोषून घेतं आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड परत फेकतं, त्या दोन्हीवरून एनडीव्हीआय नावाचा आकडा काढतात. उघडं रान असेल तर ०.१-०.२, सोयाबीन दाटलं की ०.७-०.८ पर्यंत जातो. पण हा आकडा हिरवेपणा मोजतो, तो हिरवेपणा कशाचा आहे ते त्याला एकट्याला कळत नाही. आमच्या घरच्या रानात एका वर्षी सखल कोपऱ्यातलं सोयाबीन पाण्याने गेलं, इमेजमध्ये कोपरा छान हिरवा दिसत होता म्हणून मुद्दाम जाऊन बघितलं तर गुडघ्याएवढं गवत आणि त्याच्यात सोयाबीनच्या काळ्या पडलेल्या काड्या. तेव्हापासून मी बांधावर न जाता कुणाच्या पिकाबद्दल बोलत नाही.

आणि ठिपक्याचा आकार. सेंटिनेल-२ चा ठिपका १० बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर, आपल्या हिशोबात जवळजवळ बरोबर एक गुंठा! तुमच्या दोन एकरांचे ८० ठिपके झाले. शेत चौकोनी असेल तर ठीक, पण भाऊवाटणीत लांबट पट्टा आला असेल तर बांधालगतच्या ठिपक्यांत अर्धं तुमचं सोयाबीन आणि अर्धा शेजाऱ्याचा ऊस, आकडा दोघांचा मिळून येतो. लँडसॅटचा ठिपका तर ९ गुंठ्यांचा.

ढगावर उपाय आहे, रडार. सेंटिनेल-१ स्वतःच रेडिओ लहरी सोडतो आणि परत आलेल्या मोजतो, त्याला ढग आणि रात्र दोन्ही आडवे येत नाहीत. साचलेल्या सपाट पाण्यावरून लहरी पलीकडे निसटतात म्हणून पाणी काळं दिसतं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला तेव्हा ढगांखालचं पाणी असंच दिसत होतं. उभ्या दाट पिकाच्या बुडाशी साचलेलं वीतभर पाणी मात्र त्या रडारला पकडणं अवघड. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निसार गेला, इस्रो आणि नासा दोघांचा, त्यात जास्त लांब लहरींचं रडारही आहे, त्या पानांच्या थरातून अजून खाली पोचतात, दर १२ दिवसांनी तीच जागा परत. मला त्याच्याकडून खूप आशा आहे, विशेषतः जमिनीतल्या ओलीसाठी.

तोवर तुम्ही एक करा, कोपर्निकस ब्राउझर नावाची सेंटिनेलच्या इमेज दाखवणारी वेबसाइट फुकट आहे, त्यात गाव शोधून पावसाआधीची आणि नंतरची स्वच्छ इमेज तारखेसकट सेव्ह करा, आणि पाणी साचलेलं असतानाच तारीख-लोकेशन येईल असे फोटो काढून ठेवा. पंचनाम्याच्या वेळी दोन्ही समोर ठेवा, नुसत्या ॲपच्या हिरव्या रंगावर कुणी बोट ठेवलं तर त्या इमेजची तारीख विचारा.

प्रश्न : आमच्या गावचा पाझर तलाव आधी किती मोठा होता ते जुन्या इमेजमध्ये कळेल का?

उत्तर : कळेल. पहिला लँडसॅट २३ जुलै १९७२ ला गेला, आपल्याकडे आजोबा ज्याला ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणतात तेच वर्ष. सुरुवातीच्या इमेज फार ढोबळ आहेत, छोटा तलाव त्यात हरवतो, पण ३० मीटरच्या इमेज १९८० च्या दशकापासून मिळतात आणि २००८ पासून सगळा साठा फुकट केलाय. तुलना करताना दोन्ही वर्षांचा महिना एकच घ्या, नाहीतर दिवाळीचं पाणी आणि मे महिन्याचं पाणी यांची तुलना होईल.

प्रश्न : ताई, मी बुलढाण्याची, अकरावीत आहे. लोणार सरोवर गुलाबी झालं ते सॅटेलाइटने पकडलं होतं का?

उत्तर : हो गं, पकडलं होतं! २०२० मध्ये लँडसॅट ८ च्या २५ मेच्या इमेजमध्ये पाणी हिरवं आणि १० जूनच्या इमेजमध्ये गुलाबी. पाणी कमी होऊन खारटपणा वाढला आणि मिठात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य असलेले सूक्ष्मजीव फोफावले, पुण्याच्या आघारकर संस्थेने पाण्याचे नमुने तपासून हे सांगितलं. आता त्या दोन तारखांमधलं अंतर मोज, बरोबर १६ दिवस, कारण एकट्या लँडसॅट ८ ची फेरी १६ दिवसांची. मधल्या कुठल्या दिवशी रंग बदलायला लागला ते या दोन इमेज सांगू शकत नाहीत, ते काठावर रोज जाणाऱ्या माणसांना विचारावं लागेल, आणि तू तर तिथलीच आहेस, विचारून मला नक्की लिही.