बीटल घ्यावी की पाच वर्षं वापरलेली हॅचबॅक?

प्रश्न : सत्तरच्या दशकातली फोक्सवॅगन बीटल आणि पाच वर्षं वापरलेली हॅचबॅक एकाच किमतीत मिळते आहे. निम्मे पैसे कर्जाने उभे करावे लागतील. रोज कामावर जायला दुसरी गाडी नाही. बीटलची किंमत वाढते, तेव्हा ती गुंतवणूक धरावी का?

उत्तर : धरू नका. हॅचबॅकची किंमत उतरत जाणार हे खरं, पण सुरुवातीची मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसून झाली आहे. बीटलची किंमत वाढलीच, तरी व्याज, विमा, बंदिस्त पार्किंग आणि पत्र्याचं काम त्यातून वजा करा. बहुतेकदा हाती फारसं उरत नाही.

बीटलमध्ये पैसा खातो तो पत्रा. दोन्ही दारांखालून हीटर चॅनल, म्हणजे गरम हवा नेणाऱ्या पत्र्याच्या पोकळ पेट्या जातात आणि बॉडीची मजबुती त्यांच्यावर असते. ते सडले असतील तर नीट दुरुस्तीसाठी बऱ्याचदा बॉडी फ्लोअर पॅनवरून (तळाच्या पत्र्यावरून) उतरवावी लागते. मागची सीट उचलून बॅटरीखालचा पत्रा बघा. लोहचुंबक फिरवा, चिकटला नाही तिथे पुट्टी भरली आहे. ताज्या रंगाला भुलू नका, उलट जास्त संशय घ्या. मग इंजिन बंद असताना क्रँक पुली (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या टोकावरची पट्ट्याची चकती) हाताने आत-बाहेर ढकला. ठक्क असा ढिलेपणा जाणवला, तर इंजिन उतरवून खोलायचा खर्च ठरलेला.

एरवीची देखभाल स्वस्त आहे, पण वारंवार करावी लागते. ऑइल जेमतेम अडीच लिटर आणि गाळायला नुसती जाळी. त्यामुळे साधारण दर 5,000 किलोमीटरला ऑइल बदला आणि इंजिन थंड असताना टॅपेट, म्हणजे झडपांची फट, 0.15 मिलिमीटरवर लावून घ्या. पेट्रोलच्या रबरी नळ्या मात्र पहिल्याच दिवशी बदला. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर लवकर तडकतं, आणि गळती गरम इंजिनावर झाली की आग लागू शकते.

तुमच्या परिस्थितीत हॅचबॅकच घ्या. एकुलती एक गाडी महिनाभर गॅरेजमध्ये पडून राहणं तुम्हाला परवडणार नाही, शिवाय एअरबॅग आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) बीटलमध्ये नाहीत. बीटल पुढे दुसरी गाडी म्हणून, बिनकर्जाची घ्या. किमतीच्या चौथाईएवढी रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा आणि विमा आधीच ठरवलेल्या किमतीचा काढा, नाहीतर नुकसानभरपाई घसारा कापून मिळेल.

हॅचबॅकच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट (झडपा वेळेवर हलवणारा दातेरी पट्टा) असेल, तर तो कधी बदलायचा ते माहितीपुस्तकात बघा. मुदत उलटली असून बदलल्याची पावती नसेल, तर तो खर्च किमतीतून कापून घ्या.