हळद वसमतची, पगार मात्र दुसऱ्या गावात

प्रश्न: नमस्कार ताई, मी वसमत तालुक्यातला (जि. हिंगोली). आमच्याकडे हळद भरपूर, पण पोरं आयटीआय झाली की चाकण नाहीतर रांजणगाव गाठतात. गावातल्या दहा-बारा जणांनी मिळून तालुक्याचा रोजगाराचा आराखडा करायचं ठरवलंय. पहिल्याच बैठकीत सगळ्यांचं एकच, मोठी कंपनी आणा, बाकी आपोआप होतंय. मला पटलं नाही पण उत्तरही देता आलं नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर: भाऊ, तुम्हाला पटलं नाही ते बरोबरच आहे. एमआयडीसी १९६२ ची, मागास भागाला सवलती देणारी योजना १९६४ पासूनची, पुढे तालुक्यांना ए, बी, सी, डी, डी प्लस (ए म्हणजे पुढारलेला, डी प्लस म्हणजे फार मागास) असे शिक्के मारणं चाललंय आणि तरी बहुतेक कारखाने पुणे-ठाणे-नाशिकच्याच आसपास. सवलत बघून कंपनी येते हे अर्धंच खरं. वाळूजचं उदाहरण कुणीतरी देणारच बैठकीत, बजाज १९८५ ला आली आणि औरंगाबादचं (आताचं छत्रपती संभाजीनगर) रूप पालटलं वगैरे. पण त्याआधी तिथे चिकलठाण्याची वसाहत होती, सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज होतं, आणि खरा रोजगार वाढला तो बजाजला पार्ट पुरवणारी छोटी-छोटी युनिटं आजूबाजूला उभी राहिली म्हणून. ती साखळी नसती तर एक गेट आणि बाहेर पानटपऱ्या, एवढंच.

तर तुम्ही उलटीकडून बघा. तुमच्या तालुक्यातून ट्रक भरून काय जातं आणि ते गेल्यावर त्याचं पुढे काय-काय होतं, तेवढंच आधी एका वहीत लिहा. हळदीचं तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे, काढणी, कुकरमध्ये शिजवणं, मग पंधरा-एक दिवस वाळवणं, पाच किलो ओल्या हळदीची साधारण किलोभर वाळकी होते, मग ड्रम फिरवून पॉलिश, अंगावर पिवळी धूळ. इथपर्यंत तुमच्याकडे होतं. त्यापुढची प्रतवारी, दळण, पॅकिंग, कुरकुमिनची (हळदीला पिवळा रंग देणाऱ्या घटकाची) तपासणी आणि भाव वाढेपर्यंत माल धरून ठेवणं, यातलं किती वसमतमध्ये होतं आणि किती बाहेर? पगार आणि नफा तिथेच मुक्कामाला असतो. सांगली हळदीची पेठ झाली ती काही सगळी हळद तिथेच पिकते म्हणून नाही, तिथे साठवण होती (हरिपूरची जमिनीखालची पेवं, २००५ च्या पुरात बरीच गेली), अडते होते, पैसा फिरत होता.

आता आराखड्यात काय घालायचं. माझ्या मते पहिलं गोदाम आणि तारण कर्ज, कारण शेतमाल तारण योजनेत बाजार समिती मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने देते, हळदही त्यात येते, म्हणजे मार्चमध्ये पडत्या भावात विकायची घाई राहत नाही. तुमच्या समितीत हे नीट चालतं का ते आधी विचारा. मग तपासणी, वसमतलाच हळद संशोधन केंद्र आहे, वसमत हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) पण मिळालाय, पण मिळालेला जीआय पाकिटावर छापणारा कुणी नसेल तर तो फ्रेम करून भिंतीवर लावायला ठीक. दळण-पॅकिंगच्या छोट्या युनिटला पीएमएफएमईत (छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना) ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान आहे, फक्त अर्ज भरण्याआधी योजना चालू आहे ना हे जिल्हा कृषी कार्यालयात विचारून घ्या.

आणि एक गोष्ट खरी सांगते, मसाला गिरणीत माणसं फार लागत नाहीत. पंधरा-वीस पोरांना काम द्यायला गिरणी पुरेल, गावाला पुरणार नाही. म्हणून त्या कुकर-पॉलिशरकडे बघा. ते कुठून येतात, बिघडले की कोण दुरुस्त करतं? कोल्हापुरातला फौंड्रीचा (धातूच्या ओतकामाचा) धंदा वाढला तो शेतावरच्या ऑइल इंजिनांचे पार्ट करता करता वाढला, तिथे काही कुणी बाहेरून मोठी कंपनी आणून बसवली नव्हती. आयटीआयच्या वेल्डर-फिटर पोरांना चाकणला पाठवण्याआधी हळदीच्या मशिनरीवर बसवता येतंय का, निदान सीझनपुरतं, हे प्राचार्यांशी बोलून बघा, आणि पुढच्या बैठकीला व्यापारी, ड्रम बनवणारा फॅब्रिकेटर आणि पॉलिशच्या कामावर जाणाऱ्या दोन बायका यांना पण बोलवा. वही भरली की मला पाठवा, बघू काय निघतंय त्यातून.