दसरा ते दिवाळी उपाशी राहणाऱ्या ताईंना

ताई, तुमची पोस्ट मी काल रात्री दोनदा वाचली. दसऱ्यापासून रात्रीचे जेवण बंद केले आहे, सकाळी फक्त चहा आणि दुपारी एक भाकरी एवढ्यावर दिवस काढत आहात, भाऊबीजेला माहेरी जाईपर्यंत चार किलो उतरवायचे आहेत म्हणजे फराळ मोकळेपणाने खाता येईल, आणि तरीही गेल्या आठवड्यात दोनदा मध्यरात्री उठून फरसाण, ब्रेड, गूळ असे हाताला येईल ते उभ्या उभ्या खाल्ले, असे तुम्ही लिहिले आहे. मनावर ताबा कसा मिळवायचा, हा तुमचा प्रश्न आहे. मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, वय बावन्न आहे, आणि आठ वर्षांपूर्वी मी अगदी हेच करत होते, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

आधीच सांगते की मी डॉक्टर नाही आणि आहारतज्ज्ञही नाही. मधुमेह असेल, गरोदरपण असेल, कोणतीही औषधे चालू असतील तर तुमच्या डॉक्टरांचे ऐका, माझे नव्हे. पाणी प्या, चाला, ताटात भाजी वाढवा हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात मी शिरत नाही. मला सांगायचे आहे ते एवढेच, की तुमचा ताबा सुटतो तो भुकेमुळे. मनाचा कमकुवतपणा तुम्ही विनाकारण स्वतःच्या माथी मारून घेत आहात.

आमच्या घरी नवरात्रात घट बसतात आणि मी नऊही दिवस उपवास करते. त्या उपवासाने मला कधीच त्रास झाला नाही, कारण तो सगळ्या घराचा असतो, वरीचा भात आणि शेंगदाण्याची आमटी वेळेवर पोटात जाते, आणि दसऱ्याच्या पुरणपोळीला तो संपतो. मी चुकले ते त्यानंतर. त्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी शहरातल्या एका वजन कमी करण्याच्या केंद्रात नाव घातले. केंद्राचे नाव मी लिहिणार नाही, कृपया विचारूही नका. तीन महिन्यांचे अठरा हजार रुपये एकरकमी भरले आणि तेही घरी न सांगता. दुपारी वाटीभर मूग आणि काकडी, संध्याकाळी त्यांच्याकडूनच घेतलेली पावडर पाण्यात कालवून, रात्री काही नाही, असा तक्ता हातात मिळाला. दर सोमवारी बाहेरच्या खोलीत, बाकावर बसलेल्या इतर बायकांसमोर काट्यावर उभे राहायचे, तिथली मुलगी आकडा मोठ्याने वाचायची आणि कार्डावर लिहायची, उतरला असेल तर हिरव्या पेनाने, चढला असेल तर लाल. झोप लागत नाही, चिडचिड होते, दिवसभर डोक्यात खाण्याशिवाय दुसरे काही नसते, असे मी दुसऱ्याच सोमवारी सांगितले, तेव्हा ‘म्हणजे चरबी जळायला लागली आहे’ असे उत्तर मिळाले. कोजागिरीला गच्चीवर सगळ्यांनी मसाला दूध घेतले आणि मी रिकामा पेला धरून बसले. गंगावेशीतून आणलेले म्हशीचे दूध होते ते. इतक्या वर्षांनीही तो पेला मला आठवतो.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घरातले सगळे फराळाला बसले, तेव्हा पोट बिघडल्याचे सांगून मी लिंबूपाणी घेतले. रात्री दीडच्या सुमारास मी स्वयंपाकघरात गेले. दिवा लावला नाही, देवघरातल्या समईचा उजेड येत होता तेवढाच. स्टीलच्या डब्याच्या झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून ते पदरात धरून उघडले. चकली चावली तर बाहेर ऐकू जाईल म्हणून ती तोंडात मऊ होईपर्यंत धरून ठेवली. मग करंज्या, मग बेसनाचे लाडू. किती खाल्ले ते मोजले नाही आणि चव तर एकाचीही कळली नाही. शेवटी उरलेल्या करंज्या डब्यात अशा पसरून लावल्या की वरचा थर पहिल्यासारखा दिसावा. सकाळी सासूबाईंनी डबा उघडला, माझ्याकडे पाहिले आणि काही बोलल्या नाहीत. दुपारी मात्र त्यांनी न विचारता माझ्या ताटात भात वाढला, आणि तोही मी बाजूला सारला.

पुढच्या सोमवारी कार्डावर लाल आकडा आला, दिवाळीत काय काय खाल्ले याची चौकशी सगळ्यांसमोर झाली आणि दोन दिवस केवळ लिंबूपाण्यावर राहायला सांगितले. मी तसे राहिले. सगळ्यांत महागात पडलेली चूक म्हणायची तर ती हीच. एका रात्रीच्या खाण्याने माझे काहीही बिघडले नव्हते. त्याची भरपाई म्हणून पुन्हा उपाशी राहिल्याने तिसऱ्या रात्री मी परत डब्याशी उभी होते, आणि हे चक्र जानेवारीपर्यंत चालले. आठ किलो उतरले खरे, पण फेब्रुवारीत उजव्या बरगडीखाली असह्य कळ येऊ लागली, पित्ताशयात खडे निघाले आणि दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करावी लागली. वजन झपाट्याने उतरते तेव्हा यकृतातून पित्तात जास्त कोलेस्टेरॉल येते, आणि पोट फार वेळ रिकामे राहिले की पित्ताशय नीट रिकामे होत नाही, त्यामुळे खडे होण्याचा धोका वाढतो, हे मला सर्जनांनी तेव्हा समजावले. माझे खडे त्यामुळेच झाले असे कोणी लिहून दिलेले नाही, पण खायचे बंद करताना हा धोका मला कोणीतरी सांगायला हवा होता. उरलेले पैसे मागायला मी त्या केंद्रात तीनदा गेले. तिन्ही वेळा कार्डाच्या मागच्या बारीक अक्षरांकडे बोट दाखवून परत पाठवले. तुम्ही कुठे पैसे भरले असतील तर पावती जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, तो मला तेव्हा माहीत नव्हता. आहाराचा सल्ला घ्यायचाच असेल तर समोरची व्यक्ती इंडियन डायटेटिक असोसिएशनची नोंदणीकृत आहारतज्ज्ञ आहे का, हे विचारायला संकोच करू नका, आणि सल्ल्याबरोबर पावडरही विकणाऱ्याकडे, माझे मत विचाराल तर, जाऊ नका.

भुकेचे हे वागणे नवीन नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांच्या पथकाने 36 निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. ते धडधाकट लोक रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागले, आणि पुन्हा पुरेसे जेवण सुरू झाल्यावर त्यांतले काही जण पोट तुडुंब भरूनही तृप्त होत नव्हते. हे वाचले तेव्हा समईच्या उजेडातली मी मला पहिल्यांदा समजले.

आता मी काय करते ते सांगते. सणाच्या दिवशी दोन्ही वेळचे जेवण चुकवत नाही. अभ्यंगस्नानानंतरचा फराळ ताटलीत वाढून, बसून, सगळ्यांबरोबर खाते, आणि त्यात मला आवडणारी करंजी असतेच. ज्या घरात करंजीला ‘पाप’ म्हणतात, त्या घरात ती चोरून खाल्ली जाणार, असे माझे ठाम मत आहे. कधी जास्त खाल्ले गेले, आणि ते अजूनही होते, तर पुढचे जेवण त्याच्या ठरलेल्या वेळेला घेते. थोडे कमी जाते, पण टळत नाही. दिवाळीच्या आठवड्यात वजन करत नाही. शरीरात साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे शरीराने साठवून ठेवलेल्या साखरेबरोबर, सुमारे तीन ग्रॅम पाणी धरले जाते, चिवडा-चकलीतले मीठही पाणी धरून ठेवते, त्यामुळे दोन दिवसांत चढलेल्या आकड्यात बराच भाग पाण्याचा असतो. तुम्ही मागच्या पाडव्याला ‘दीड किलो वाढले’ म्हणून रडलात, त्यातही हे पाणी होतेच.

आग्रहाबद्दलही तुम्ही विचारले आहे. आपल्याकडे ‘घ्या की एक तरी’ याला नाही म्हणणे कठीण, आणि नाही म्हटले की पुढे पंधरा मिनिटे आपल्या प्रकृतीचीच चर्चा होते. मी ‘डब्यात घालून द्या, सावकाश खाईन’ असे म्हणते. त्याने देणाऱ्याचा मान राहतो आणि खायची वेळ मी ठरवते. माहेरी गेल्यावर ‘जाड झालीस’ किंवा ‘बारीक झालीस’ असे स्वागत होणार असेल, तर आईला आधी फोन करून तो विषय नको असे सांगा. मी माझ्या बहिणींना सांगितले आणि त्यांनी ऐकले.

एक गोष्ट मात्र सबुरीने घेण्यासारखी नाही. असे ताबा सुटून खाणे सरासरी आठवड्यातून एकदा, तीन महिने होत असेल, तर तो आजार असू शकतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेने 2013 मध्ये त्याची स्वतंत्र आजार म्हणून नोंद केली आहे. खाल्लेले मुद्दाम उलटून काढावेसे वाटत असेल किंवा जुलाबाच्या गोळ्या घेतल्या जात असतील, तर तीन महिने मोजत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, आणि तिथपर्यंत जायचा धीर होत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते.

उद्या तुमच्या घरी भाजणीच्या चकल्या आहेत, असे तुम्ही शेवटी लिहिले आहे. तळायला बसण्याआधी पोटभर न्याहारी करा, आणि पहिल्या घाण्यातली एक चकली गरम असतानाच, सासूबाईंच्या शेजारी बसून खा. आज रात्री जेवलात का, ते इथेच कळवा.