वास येतोय म्हणजे कोरोना नाही, साधा फ्लूच आहे, असं समजायचं का?

तुम्ही विचारलंय की आईंना (वय 67, शुगर आहे) काल दुपारपासून ताप आणि खोकला आहे, पण वास-चव व्यवस्थित आहे, मग हा फ्लूच धरून घरीच औषध द्यायचं का. तर नाही, असं धरू नका. नाक मोकळं असताना फोडणीचा वास येईनासा होणं ही 2020-21 मधली बऱ्यापैकी भरवशाची खूण होती, ओमिक्रॉन आल्यापासून ती खूप कमी दिसते आणि घसा दुखणं, नाक गळणं, अंग मोडून येणं हेच जास्त असतं, म्हणजे नेमकं फ्लूसारखंच.

मी पुण्यात नर्स आहे, 2009 चा स्वाइन फ्लूही पाहिलाय (त्याचा देशातला पहिला मृत्यू पुण्यातच झाला होता) आणि कोरोनाही. लक्षणांची यादी जुळवण्यापेक्षा मी आधी विचारते की सुरुवात कशी झाली. फ्लूवाला पेशंट वेळ सांगतो, "सिस्टर, सकाळी डबा घेऊन कामावर गेलो, चांगला होतो, तीनच्या चहाला हुडहुडी भरली ती थांबेचना," आणि ताप बघावा तर 102-103, डोकं ठणकतंय, पाय उचलवत नाहीत. कोरोनावाल्याला बहुतेक वेळा असं सांगता येत नाही, परवा घसा खवखवत होता, काल कणकण होती, आज खोकला, असं हळूहळू चढत गेलेलं असतं. पण हेही काही पक्कं नाही हां, कारण फ्लू संसर्गानंतर 1 ते 4 दिवसांत दिसतो आणि कोरोनाला आधी 5-6 दिवस लागायचे ते ओमिक्रॉनमध्ये साधारण 3 वर आले, त्यामुळे कुणाच्या संपर्कात कधी आलो यावरूनही आता फारसं ओळखता येत नाही.

त्यापेक्षा कितव्या दिवशी बिघडतं ते बघा. फ्लूचे पहिले 3-4 दिवस वाईट, मग ताप उतरतो, खोकला मात्र 2-3 आठवडे रेंगाळतो (2023 च्या सुरुवातीला H3N2 या प्रकारचा फ्लू होता तेव्हा घरोघरी हेच चाललेलं). ताप जाऊन परत चढला आणि पिवळा बेडका पडायला लागला तर वरून न्यूमोनिया झालाय का ते बघावं लागतं. कोरोनात उलट, पहिला आठवडा बरा जातो आणि 5 ते 10 दिवसांच्या मधे दम लागायला लागतो. पहिल्या लाटांमधे तर माणूस फोनवर गप्पा मारत बसलेला असायचा आणि ऑक्सिजन 82! आता असं कमी दिसतं, पण ऑक्सिमीटर घरात असेल तर लावा, बोट गार नको, नेलपॉलिश किंवा मेंदी नको, मिनिटभर आकडा स्थिर होऊ द्या, आणि 94 च्या खाली दिसला तर कोरोना का फ्लू हा वाद घालत बसू नका, सरळ हॉस्पिटल. फ्लूनेही ऑक्सिजन उतरतो, स्वाइन फ्लूत तरणेताठे पेशंट व्हेंटिलेटरवर गेलेले मी पाहिलेत.

खात्री फक्त टेस्टनेच होते. घरच्या कोरोना किटमधे पॉझिटिव्ह आलं तर कोरोना समजा, पण पहिल्या दिवशीच्या निगेटिव्हला फार अर्थ नाही, 48 तासांनी परत करायची. शिवाय त्या किटमधे फ्लू कळतच नाही, त्यासाठी लॅबमधे स्वॅब द्यावा लागतो. आता म्हणाल कळून फरक काय पडतो, तर फ्लूवरचं ऑसेल्टामिविर 48 तासांच्या आत सुरू झालं तर सगळ्यात चांगलं काम करतं, आणि वय 65 च्या पुढे, त्यात शुगर, अशा पेशंटला फ्लूचा संशय असेल तर डॉक्टर बऱ्याचदा रिपोर्टची वाट न बघताच चालू करतात. मेडिकलमधून ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक मात्र आणू नका प्लीज, दोन्ही व्हायरस आहेत, त्याचा उपयोग शून्य.

आणि पावसाळा असेल तर डेंग्यूही डोक्यात ठेवा, विशेषतः सर्दी-खोकला फारसा नसून नुसता ताप आणि डोळ्यांच्या मागे दुखत असेल तेव्हा. म्हणून डॉक्टरांनी बघेपर्यंत पॅरासिटामॉलच, ब्रुफेन किंवा ॲस्पिरिन ताप उतरवायला देऊ नका (हार्टसाठी रोजची ॲस्पिरिन चालू असेल तर मनाने बंद करू नका, विचारा).

आईंचे 48 तास उद्या दुपारी संपतायत, त्यामुळे आज संध्याकाळीच दाखवा, तोवर घरात सगळ्यांनी मास्क लावा, आणि जाताना शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्या, तापात शुगर वरखाली होते, तीही तपासून घ्या.