वाचक विचारतात : रात्री दोनचा अलार्म

मागच्या अंकात माझ्या व्हीलचेअरबद्दल सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतके मेसेज आले की म्हटलं या वेळचा अख्खा कॉलमच मणक्याला देऊन टाकू. सगळ्यांना उत्तर देणं जमलं नाही, रागावू नका.

प्रश्न : माझा भाऊ २४ वर्षांचा आहे. दिवाळीनंतर सेंट्रिंगच्या कामावर दुसऱ्या मजल्यावरून पडला. डी-१२ मणक्याला (छातीच्या मणक्यांतला शेवटचा) मार लागला, ऑपरेशन झालं, आता घरी आणलंय. कमरेखाली काहीच समजत नाही. डॉक्टरांनी दर दोन तासांनी कूस बदला म्हटलं, पण आई म्हणते रात्री तरी झोपू द्या लेकराला. वरून शेजारचे काका एका मालिशवाल्याला घेऊन आले, तो म्हणतो तीन महिन्यांत चालवून दाखवतो. काय करावं?
— एक बहीण, सक्करदरा

उत्तर : ताई, आधी रात्रीचं बोलू. अलार्म लावाच. दहा, बारा, दोन, चार, सहा. आईंना वाईट वाटतं ते बरोबरच आहे, पण माझ्या आईलाही असंच वाटलं होतं आणि त्याची निशाणी अजून माझ्या माकडहाडावर आहे. मी ज्या हॉस्पिटलात होतो (नाव घेत नाही) तिथं रात्रपाळीला कुणी हातच लावत नसे. एक दिवस चादर बदलताना रुपयाएवढा काळा डाग दिसला, आणि तो रुपया भरायला सात महिने गेले. आपण झोपेत आपोआप हलतो, कारण दुखलं की शरीर सांगतं. तुझ्या भावाचं शरीर ते सांगूच शकत नाही, हाड आणि गादीच्या मधे कातडी दबते, रक्त पोचत नाही, कातडी मरते आणि त्याला पत्ताही लागत नाही. म्हणून रोज सकाळी मोबाईलनं पाठीचा, कुल्ल्यांचा, टाचांचा फोटो काढून त्यालाच दाखव. लाल डाग दाब काढूनही जात नसेल तर त्या बाजूवर झोपवायचंच नाही आणि डॉक्टरला दाखवायचं. एअर बेड घेतलाय म्हणून निर्धास्त राहू नको, लाईट गेली की पंप बंद, आणि आपल्याकडं मे महिन्यात लाईट कधी जाते ते मी सांगायला नको.

या दोन तासांचा इतिहास आईंना वाचून दाखव, पटेल. इजिप्तमधे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका वैद्यकीय पोथीत मानेच्या अशा इजेबद्दल सरळ लिहून ठेवलंय की याच्यावर उपचार करू नये. बाप्पा, ते मत पार विसाव्या शतकापर्यंत टिकलं. पहिल्या महायुद्धात असे जायबंदी झालेले बहुतेक सैनिक काही आठवड्यांत नाहीतर महिन्यांत गेले, आणि गेले ते मणक्यानं नाही, बेडसोरनं (एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमांनी) आणि लघवीच्या इन्फेक्शननं. अमेरिकेचा जनरल पॅटन, केवढा मोठा माणूस, १९४५ च्या डिसेंबरात कार ॲक्सिडेंटमधे मान मोडली आणि बारा दिवसांत संपला.

त्याच्या आदल्याच वर्षी, फेब्रुवारी १९४४ मधे, इंग्लंडात स्टोक मँडेव्हिलला लुडविग गुटमन नावाच्या डॉक्टरनं मणक्याच्या पेशंटसाठी वॉर्ड उघडला होता. हा जर्मनीतला ज्यू न्यूरॉलॉजिस्ट, नाझींमुळं १९३९ मधे घरदार सोडून आलेला. त्यानं काय नवीन मशीन आणलं? काहीच नाही. पेशंटला प्लास्टरमधे डांबणं बंद केलं आणि हुकूम काढला, दर दोन तासांनी कूस, दिवसा आणि रात्रीही. रात्री स्वतः फेरी मारून बघायचा की खरंच बदलून राहिले की नुसतं कागदावर लिहून राहिले. पेशंट त्याला ‘पॉपा’ म्हणायचे, शिव्याही देत असतील म्हणा. पण माणसं जगायला लागली, मग पलंगावर बसवा, हातानं काम करू द्या, खेळायला लावा असं सुरू झालं. म्हणजे तुम्ही पहाटे चार वाजता जे करता ना, तीच ट्रीटमेंट आहे, तिला सेवाबिवा म्हणून दुय्यम समजू नका.

मालिशवाल्याबद्दल. डॉक्टरांना एकच विचार, इजा कम्प्लीट आहे (खाली काहीच संवेदना-हालचाल उरलेली नाही) की इनकम्प्लीट (थोडी उरलीय). इनकम्प्लीट असेल तर पहिल्या काही महिन्यांत थोडंफार आपोआप परत येऊ शकतं, आणि मालिशवाले नेमके तेच तीन महिने मागतात, आलं तर त्यांच्या तेलामुळं, नाही आलं तर तुमचं नशीब. शिवाय सुन्न पायावर गरम तेल म्हणजे भाजलेलंही कळत नाही. काकांना चहा पाजा आणि निरोप द्या.

प्रश्न : माझ्या पत्नीला (वय ३८) दीड वर्षापासून युरीन बॅग आहे. दर महिन्याला थंडी वाजून ताप येतो, अँटिबायोटिक घेतो, परत तेच. जन्मभर असंच का?
— एक वाचक, काटोल रोड

उत्तर : भाऊ, जन्मभर असंच असलं पाहिजे असं नाही. कॅथेटर, म्हणजे बॅगेची ती नळी, चोवीस तास आत राहिला की जंतूंना मुक्कामाची सोयच होते. दुसरी पद्धत म्हणजे दिवसातून चार-सहा वेळा नळी घालायची, रिकामं करायचं, नळी काढून टाकायची. आधी हे फक्त हॉस्पिटलात, निर्जंतुक हातमोजे वगैरे घालून व्हायचं. १९७२ मधे अमेरिकेतल्या जॅक लॅपिडीस या यूरॉलॉजिस्टनं मांडलं की एवढ्या सोवळ्याची गरज नाही, साबणानं धुतलेले स्वच्छ हात पुरतात, महत्त्वाचं हे की मूत्राशय तुंबू द्यायचं नाही. तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढलं आणि आज जगभर हेच करतात. वहिनींचे हात चालत असतील तर आरसा घेऊन त्या स्वतः शिकू शकतात, आधी यूरॉलॉजिस्टला विचारा की त्यांच्या केसमधे चालेल का.

एक गोष्ट मात्र पाठ करून ठेवा. मणक्याची इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल आणि अचानक डोकं फुटल्यासारखं दुखलं, चेहरा लाल, कपाळावर घाम, तर लगेच उठवून बसवा, कपडे सैल करा आणि बॅगची नळी कुठं पिळली गेलीय का ते बघा. बीपी भयंकर चढलेलं असतं. तरी उतरत नसेल तर सरळ कॅज्युअल्टी.

प्रश्न : मी लॉ करतो, बाईकच्या ॲक्सिडेंटनंतर व्हीलचेअरवर आहे. परीक्षा दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट वर्षभरापासून बंद. सर म्हणतात, पोट्टे उचलून नेतील ना, काऊन उगाच भांडतो. भांडू की नको?
— एक विद्यार्थी, प्रतापनगर

उत्तर : भांड. पण लेखी भांड. एका लग्नाच्या हॉलमधे मलाही असंच ‘चार पोट्ट्यांनी’ उचललं होतं, चौघं चार वेगवेगळ्या पायऱ्यांवर, आणि त्यातल्या एकाचा फोन वाजला. पुढचं सांगत नाही.

तू लॉवाला आहेस तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा काढ. कलम १६ मधे शिक्षणसंस्थेची इमारत सुगम असली पाहिजे असं आहे, आणि असलेल्या सार्वजनिक इमारती सुधारायला कलम ४५ नं दिलेली पाच वर्षं २०२२ मधेच संपली. आत्ता अर्ज एवढाच दे की माझा पेपर तळमजल्यावर घ्या, पोच घे. नाही ऐकलं तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडं तक्रार.

आणि ‘उगाच भांडतो’ हे सगळ्यांनाच ऐकावं लागलंय रे. एड रॉबर्ट्स, पोलिओमुळं मानेखाली सगळं गेलेलं, रात्री लोखंडी फुफ्फुसात (श्वास चालू ठेवणाऱ्या पेटीसारख्या मशीनमधे) झोपणारा, १९६२ मधे अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात शिकायला गेला तर हॉस्टेलमधे ते मशीनच मावेना, मग त्याला कॅम्पसवरच्या हॉस्पिटलात ठेवलं. पाठोपाठ मान मोडलेली आणखी मुलं आली, त्यांनी स्वतःला ‘रोलिंग क्वाड्स’ (चाकांवरचे, चारही हातपाय लुळे पडलेले) म्हणवून घेतलं, आणि १९७२ मधे त्यातूनच स्वतंत्र जगण्यासाठीचं पहिलं केंद्र उभं राहिलं. १९७३ मधे तिथल्या कायद्यात दिव्यांगांशी भेदभावाविरुद्धचं कलम ५०४ आलं, पण नियमांवर कुणी सही करेना. मग १९७७ च्या एप्रिलमधे सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत शंभरावर लोक घुसून बसले, जवळपास चार आठवडे. व्हीलचेअरवाले, अंध, बहिरे सगळे. कूस बदलायला, कॅथेटर करायला एकमेकांचेच हात, आणि रोजचं गरम जेवण ब्लॅक पँथर पार्टीवाले (तिथल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे) आणून द्यायचे. शेवटी सही झाली. आपल्याकडं जावेद आबिदी, स्वतः व्हीलचेअरवर, १९९५ मधे दिल्लीत रस्त्यावर उतरले, त्या वर्षी आपला दिव्यांग हक्कांचा पहिला कायदा झाला. पुढं विमानात चढण्याच्या सोयीसाठी ते सुप्रीम कोर्टातही गेले. आणि आपल्या नागपुरात हिवाळी अधिवेशनात टेकडी रोडवर अडवलेले मोर्चे तू पाहिलेच असशील, त्यात तीनचाकी सायकली पण असतात, फोटो मात्र क्वचितच छापून येतो.

प्रश्न : मुलगा १६ वर्षांचा, पॅराप्लेजिक (कमरेखाली लुळा). पोहायला शिकवू का? नातेवाईक म्हणतात जिवाशी खेळ आहे.
— एक आई, मानेवाडा

उत्तर : मुरलीकांत पेटकर आपल्या सांगली जिल्ह्यातले. फौजेत बॉक्सर होते, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यात अडकली. १९७२ मधे हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकला गेले आणि ५० मीटर फ्रीस्टाईलमधे ३७.३३ सेकंदात सुवर्णपदक, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं. पद्मश्री मिळाली २०१८ मधे, छेचाळीस वर्षांनी! नातेवाईकांना एवढं सांगा.

तेव्हा शिकवा, फक्त कोच सोबत पाण्यात उतरणारा बघा. लघवीचं इन्फेक्शन किंवा अंगावर जखम असेल तर तेवढे दिवस थांबा. आणि पाण्यातून वर ओढून घेताना काठाच्या खरबरीत फरशीवर जाड टॉवेल दुहेरी करून टाका, कारण कुल्ला खरचटला तरी पोराला कळणार नाही, घरी आल्यावर तुम्हालाच बघावं लागेल.